शेजारातून जाणारा निरोप

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या समारंभात कोणी पाककलेवर बोलते, कोणी मुलांच्या संगोपनावर. चिटणीसबाईंनी मला मात्र "त्या बिननेटच्या फोनच्या प्रयोगाबद्दल बोला" असे फर्मावले. मी काही यंत्रशास्त्र शिकलेली नाही. जे पाहिले, करून बघितले आणि जाणत्यांना विचारून घेतले, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे. काही चुकले तर घरच्या माणसाचे चुकले असे समजून सांभाळून घ्यावे.

२२ जुलै २०२१ हा दिवस आपल्या चिपळुणात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आदल्या रात्रीपासून पाऊस कोसळत होता. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या गावात शिरल्या आणि आमच्या जिन्यातील २००५ च्या पुराची खूण बघता बघता दिसेनाशी झाली. आम्ही माडीवर होतो. सासूबाई सुखरूप होत्या, फोन माझ्या हातात होता, त्याची बॅटरीही भरलेली होती. परंतु रेंज मुळीच नव्हती. पलीकडच्या आळीत, मध्ये पाचसहा घरे टाकून, आपल्या मंडळाच्या एक वडीलधाऱ्या सभासद एकट्या राहतात. त्या आज येथे समोरच बसल्या आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच मी हे सांगत आहे. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या खालच्या खोलीत राहिल्या आणि पाण्यात गेल्या. नेमक्या त्याच गोळ्या माझ्या सासूबाई घेतात, आणि आमच्याकडे महिन्याचा डबा भरलेला होता. दुसऱ्या दिवशी पाणी उतरू लागले, तेव्हा आळीतील तरुण मुले टायरच्या ट्यूबा घेऊन फिरत होती. डबा त्यांच्या हाती सहज देता आला असता. पण गरज आहे हेच मला ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी चिखल तुडवीत मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता.

त्या वाचल्या, ही देवाची कृपा. गोळ्या चुकल्या म्हणूनच असे झाले, असे डॉक्टरांनीही ठामपणे सांगितले नाही. तरी औषध आमच्या कपाटात, गरज हाकेच्या अंतरावर, आणि मध्ये फक्त एका निरोपाची उणीव, ही टोचणी माझ्या मनात राहिली ती राहिलीच.

आपण म्हणतो, फोन बंद पडला. पण फोन कोठे बंद पडला होता? बंद पडली होती ती त्याची वाट. शेजारणीला आपण व्हॉट्सॲपवर विचारतो, "विरजण आहे का?" तो निरोप आपल्या फोनातून टॉवरकडे जातो, टॉवरकडून तारांतून दूर कोठल्या तरी मोठ्या संगणकांकडे जातो, आणि तेथून उलट पावली येऊन शेजारणीच्या हातात पडतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, त्यातलाच हा प्रकार. एरवी हा वळसा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुरा होतो, म्हणून आपल्याला कळत नाही. परंतु टॉवरला वीज लागते. वीज गेली की तो बॅटरीवर चालतो, बॅटरी संपली की डिझेलच्या जनित्रावर. जनित्र पाण्यात गेले किंवा केबल तुटली, की सारा गाव एकदम मुका होतो.

मग हा वळसा टाळून एका फोनाने दुसऱ्या फोनाशी सरळ बोलावे, अशी काही सोय नाही का? आहे, आणि ती आपल्या हातातल्या फोनातच आहे. तिला ब्लूटूथ म्हणतात. दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाच्या टोपणनावावरून हे नाव आले. गाणी ऐकण्याचे कानातले यंत्र ज्या बिनतारी लहरींवर चालते, त्या ह्याच. मात्र ह्या लहरी अशक्त. मोकळ्यावर काही पावले जातात, आणि जाड भिंत आली की दमतात. मौज अशी की, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही साधारण ह्याच जातीच्या लहरींनी अन्न तापवतो. अन्नातले पाणी त्या शोषून घेते. माणसाचे शरीरही बरेचसे पाण्याचेच, म्हणून गर्दीतही ह्या लहरी अडतात.

एका फोनाची झेप तोकडी असली, तरी मध्ये दुसरा फोन असेल तर? तो निरोप घेऊन पुढे देईल, त्यापुढचा तिसऱ्याला देईल. हळदीकुंकवाचे बोलावणे आपण जसे आळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तोंडोतोंडी पोहोचवतो, तशीच ही रीत. फरक इतकाच की खासगी निरोप बंद पाकिटासारखा कुलूपबंद जातो. मधला फोन तो पुढे देतो, पण त्याला तो वाचता येऊ नये अशी योजना असते. एकच निरोप आळीत पुन्हा पुन्हा घुमत राहू नये म्हणून प्रत्येक फोन आपण काय पुढे दिले याची आठवण ठेवतो, आणि निरोपाने किती उड्या माराव्या यालाही मर्यादा असते. जॅक डॉर्सी यांनी जुलै २०२५ मध्ये पुढे आणलेल्या बिटचॅट नावाच्या ॲपात ही मर्यादा सात उड्यांची ठेवली होती. त्याला ना फोन नंबर लागतो, ना खाते.

ही कल्पना आजची नव्हे. जानेवारी २०१० मध्ये हैती देशात मोठा भूकंप झाला आणि तेथील दळणवळण कोसळले. ते पाहून ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाचे पॉल गार्डनर-स्टीफन यांनी सर्व्हल नावाचा प्रकल्प हाती घेतला. टॉवर नसतानाही साध्या फोनांनी आपल्या वायफायवरून एकमेकांशी बोलावे, हा त्याचा हेतू. पुढे २०१४ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात नेट तोडले जाईल या भीतीने लोकांनी फायरचॅट नावाचे ॲप थोड्याच दिवसांत लाखोंच्या संख्येने घेतले. त्या फायरचॅटचे नाव एकेकाळी जगभर झाले होते. आज ते ॲप चालत नाही. म्हणून एकदा घेतले आणि निश्चिंत झालो, असे या बाबतीत होत नाही.

आता आपल्या प्रयोगाकडे वळते. या वर्षी पावसाळ्यापूर्वी आम्ही चौदा जणींनी अशाच जातीचे एक ॲप घेतले. त्याचे नाव मुद्दामच सांगत नाही, कारण आमच्या अडचणी त्याच्या माथी मारण्याची माझी इच्छा नाही. फोन विमानाच्या खुणेवर टाकून नेट आणि रेंज बंद केली आणि फक्त ब्लूटूथ चालू ठेवले. मंडळाच्या सभागृहात निरोप असे भराभर फिरले की आम्ही टाळ्याच वाजवल्या! दुसऱ्या दिवशी आपापल्या घरून करून पाहिले, तेव्हा टाळ्या थांबल्या. माझा निरोप तीन घरे गेला आणि अडला. चौथे घर कुलूप लावून मुंबईस गेलेल्यांचे. त्याला वळसा घालायचा तर समोरच्या घराशिवाय गती नव्हती. आणि त्या घराशी, नळाच्या पाण्यावरून, आमचे चार वर्षे बोलणे नव्हते.

भगिनींनो, मी दोन दिवस टाळाटाळ केली. कोणी घराच्या गच्चीवर फोन ठेवून पाहिला, कोणी काठीला बांधून. काही जमेना. शेवटी पलीकडच्या आळीतील त्या गोळ्यांची आठवण झाली आणि मी समोरच्या घराची पायरी चढले. सूनबाईंनी दार उघडले. काय हवे ते सांगितले. त्यांनी "आधी बसा तरी" म्हणून चहा ठेवला. नळाचा विषय त्या दिवशी दोघींनीही काढला नाही, आणि तो मिटला असेही मी म्हणणार नाही. पण त्यांनी ॲप घेतले, फोन गॅलरीत ठेवला, आणि माझा निरोप पलीकडच्या आळीत गेला.

काही मिनिटांनी उलट निरोप आला. त्यात एकच ओळ होती : "गोळ्या घेतल्या." उजवा हात चालत नाही, म्हणून ती डाव्या हाताने लिहिलेली होती.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी. पहिली, हे ॲप उतरवून घ्यायला नेट लागतेच. पूर आल्यावर ते मिळणार नाही. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग? दुसरी, फोन बॅटरी वाचवण्यासाठी अशा ॲपांना झोपवून टाकतो. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तशी परवानगी द्यावी लागते, आणि बॅटरीही थोडी जास्त जाते. म्हणून पावसाळ्यात पॉवर बँक भरून ठेवावी. तिसरी, भिंतीला कान असतात हे विसरू नये. ब्रिजफाय नावाच्या अशाच ॲपात निरोप वाचता येतात आणि कोण कोणाशी बोलते हेही कळते, असे लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे येथील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले. त्यानंतर त्यांनी आपली कुलुपे बदलली. बिटचॅटची बाहेरच्या जाणकारांकडून तपासणी झालेली नाही, असा इशारा त्याच्या कर्त्यांनीच आरंभी दिला होता. तेव्हा बँकेचे आकडे आणि घरातील खासगी गोष्टी यावर लिहू नयेत. "आम्ही सुखरूप आहोत", "औषध हवे", "पिण्याचे पाणी आहे", एवढ्यासाठीच ही वाट ठेवावी. चौथी गोष्ट, सरकारी नियमांकडेही लक्ष असावे. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधील सुरक्षेचे कारण देऊन निरोपांची चौदा ॲपे बंद केली, त्यांत बिननेट चालणारे ब्रायरही होते. कोणते ॲप घ्यावे हे ठरवण्यापूर्वी जाणत्याला विचारावे.

आणि ज्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे, त्यांचे काय? त्यांच्यापर्यंत ही साखळी जात नाही. त्यांच्या दारापर्यंत शेवटी कोणी तरी चालतच जायला हवे. मात्र कोणाच्या दारी जायचे, हे त्या शेजारच्या घरी तरी आधी कळलेले असावे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. प्रत्येक आळीत कोण एकटे राहते, कोणाला कोणते औषध लागते, याची यादी त्यांच्या संमतीने करावी आणि ती कागदावर, वरच्या मजल्यावर ठेवावी. दर जूनच्या पहिल्या रविवारी सर्वांनी मिळून साखळीची चाचणी घ्यावी. आणि साखळी जेथे तुटते ते घर कोणाचे, हे पाहून तेथे कोणी तरी स्वतः जावे, मग ते घर मंडळाचे सभासद असो वा नसो.

टॉवर उभा करणे आपल्या हाती नाही. पण चौदा फोनांमधील अंतर कमी करणे आहे, आणि ते घरोघर जाऊनच कमी होते, हे मी या प्रयोगात शिकले. आमच्या साखळीत अजून दोन ठिकाणी खिंड आहे. सभा संपल्यावर ज्यांची घरे देवळामागच्या बोळात आहेत त्यांनी कृपया मला भेटावे, एवढी विनंती करते.