देवळाच्या एका सेवकाची सत्यनिष्ठा



महोत्सवानिमित्त आज आपल्या देवळाच्या सेवकांचा गौरव होत आहे; म्हणून अशाच एका सेवकाची हकीकत आम्हीं सांगूं इच्छितों.

ऑस्ट्रियांतील सांक्ट राडेगुंड गांवचा फ्रान्झ येगरश्टेटर हा शेतकरी. देवळाची व्यवस्थाही तोच पाही. 1938 सालीं हिटलरच्या जर्मनींत देश सामील करण्याविषयीं मतदान झालें, तेव्हां साऱ्या गांवांत विरोधी मत देणारा तो एकटाच. 1943 मध्यें सैन्यांत हजर होण्याचा हुकूम आला. हें युद्ध अन्यायाचें आहे, अशी त्याची खात्री होती. जखमींची शुश्रूषा करण्यास तो तयार होता. शस्त्र धरण्यास नव्हे.

घरीं पत्नी फ्रांझिस्का व तीन लहान मुली. ‘त्यांच्याकडे पाहा’ असें विनविणाऱ्यांत धर्मगुरुही होते. खुद्द लिंझच्या बिशपांनींही त्याचा निश्चय उचलून धरला नाहीं. आम्हां पुरोहितांना ही गोष्ट सोयीची नाहीं. तरी ती लपविणें बरें नव्हे.

हा त्याचा हट्ट होता काय? हट्टी मनुष्य कोणास विचारीत नाहीं. फ्रान्झनें सर्वांना विचारिलें, शास्त्र वाचिलें, प्रार्थना केली, आणि मगच सदसद्विवेकबुद्धीचा कौल मानिला.

9 ऑगस्ट 1943 रोजीं ब्रान्डेनबुर्ग येथें त्याचा शिरच्छेद झाला. पुढें गांवांतील कित्येकांनीं फ्रांझिस्कालाच दोष दिला. तोही तिनें मुकाट्यानें सोसला. 26 ऑक्टोबर 2007 रोजीं लिंझच्या कॅथेड्रलमध्यें फ्रान्झ ‘धन्य’ म्हणून घोषित झाला, तेव्हां 94 वर्षांची ती वृद्धा तेथें हजर होती.