व्यसनाच्या मुळाशी असलेली हिंसा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सप्तव्यसनांचा त्याग हा विषय आपणांस नवा नाही. मद्य, मांस, मधू यांचा त्याग पाठशाळेतच आपल्या कानी पडतो. चातुर्मासात मुले नियम घेतात, शिबिरांत व्यसनमुक्तीच्या शपथा होतात. तरीही एखाद्या दप्तरात तंबाखूची पुडी सापडते आणि आपण म्हणतो, संगत वाईट. संगत असतेच, परंतु मूल त्या संगतीकडे ओढले का गेले, हे आपण स्वतःच्या घराला विचारीत नाही.

अमेरिकेत सॅन डिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी व डॉ. रॉबर्ट अँडा यांनी हाच प्रश्न हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारला. १९९८ साली त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. मारहाण, अवहेलना, लैंगिक अत्याचार, घरातील हिंसा यांपैकी कोणताही अनुभव आलेल्यांत, वयाच्या चौदा वर्षांपर्यंतच अमली पदार्थांना हात लावण्याची शक्यता दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढलेली आढळली, असे याच अभ्यासातून २००३ मध्ये पुढे आले.

मग मुलगा आणि मुलगी यांच्यावर हा आघात सारखाच होतो काय? कॅथी विडम या विदुषींनी १९६७ ते १९७१ या काळात न्यायालयात सिद्ध झालेल्या छळाच्या व हेळसांडीच्या प्रकरणांतील ९०८ मुलामुलींचा, तुलनेसाठी निवडलेल्या इतर ६६७ जणांसह, दीर्घकाळ मागोवा घेतला. ती मोठी झाल्यावर असे दिसले की, छळ वा हेळसांड सोसलेल्या स्त्रियांत मद्याचे व्यसन इतर स्त्रियांपेक्षा अधिक होते; पुरुषांत मात्र तसा फरक आढळला नाही. मध्यम वयातील अमली पदार्थांविषयीही २००६ मध्ये असेच चित्र दिसले. सर्वच अभ्यासांचे निष्कर्ष इतके स्पष्ट नाहीत. काहींत किशोरवयीन मुलग्यांतही हा संबंध दिसतो. याचे एक स्पष्टीकरण असे की, मुलग्यांत मित्रांच्या आग्रहाने व्यसन लागण्याचे प्रमाण मुळातच मोठे असते, त्यामुळे घरच्या जखमेचा वाटा त्यात झाकला जातो. मुलगी दुःख आत कोंडते. तिची उदासी, तिची भीती आधी येते आणि त्यावर उतारा म्हणून पदार्थ येतो. मुलगा तेच दुःख भांडणांतून, शाळा बुडविण्यातून बाहेर टाकतो.

आपल्या देशात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्य घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांचे १.६ टक्के होते. हा आकडा पाहून आपण मुलींविषयी निश्चिंत होतो. मीही होतो. शिक्षक असताना एका मुलाजवळ गुटखा सापडला, म्हणून मी त्याच्या वडिलांना बोलावले. त्यांनी माझ्यासमोरच त्याला पट्ट्याने मारले आणि मी त्याला शिस्त समजलो. त्याच वर्गात एक अबोल, हुशार मुलगी होती. ती मिशरी लावते हे सर्वांना ठाऊक होते. दात दुखतात, असे ती सांगे. घरी तिला दिवसदिवस कोंडून ठेवीत, हे मला ती शाळा सोडून गेल्यावर कळले. मुलाला मी चुकीचे विचारले. मुलीला काहीच विचारले नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर भार लादणे, अन्नपाणी तोडणे. हे अतिचार आपण गुराढोरांच्या संदर्भात शिकलो. पांजरपोळाला देणगी देताना ते आपल्याला आठवतात. नव्वद टक्क्यांसाठी बारा-बारा तास अभ्यासाला जुंपलेल्या मुलाकडे पाहताना अतिभारारोपण आठवते काय? 'जेवायला देऊ नका त्याला' असे रागाने म्हणताना अन्नपाननिरोध आठवतो काय? पाण्याचा थेंबही गाळून पिणाऱ्या घरात मुलावर हात उचलला जातो, याचे मला अजूनही नवल वाटते.

आणखी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील बालछळाचा अहवाल प्रसिद्ध केला. लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगणाऱ्या बालकांत मुलगे निम्म्याहून किंचित अधिक होते. आपण केवळ मुलींना जपतो. मुलगा असे काही सांगू लागला तर त्याला हसून गप्प करतो. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही.

विश्वस्तांना माझी विनंती इतकीच. पुढील शिबिरात शपथेपूर्वी प्रत्येक मुलाशी कोणीतरी एकट्याने, पालकांना बाजूला ठेवून बोलावे. मुलींशी बोलण्यासाठी एक जाणती श्राविका असावी. मुलाने घरचे काही सांगितले, तर ते समाजात चर्चेला येऊ नये. पण अत्याचाराची गोष्ट असेल तर समाजाच्या अब्रूसाठी ती दडपूही नये, कारण पॉक्सोखाली ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक वसतिगृहाच्या फलकावर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहावा. रंगाचा खर्च मी देतो.

जय जिनेंद्र.