स्क्रू धरतो, हाड जोडतं
(डोंबिवलीतील वासंतिक व्याख्यानमालेत एका अस्थिशल्यविशारदांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

डोंबिवलीत पाठदुखीवर बोलायचं म्हटलं की सभागृह भरतं. याचं श्रेय वक्त्याचं नाही, सकाळच्या फास्ट लोकलचं आहे!

मणके जोडायचं ऑपरेशन ठरलं की नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, स्क्रू टायटॅनियमचेच ना? इंपोर्टेड ना?" हाडाबद्दल मात्र कोणी विचारत नाही. स्लॅब टाकताना खाली बल्ल्या लावतात, तेवढंच स्क्रू-रॉडचं काम. वर्षभरात दोन मणक्यांमध्ये हाड धरलं नाही, तर उत्तम धातूही सैल होतो, नाहीतर तुटतो. मग ते हाड आणायचं कुठून?

सर्वांत भरवशाचं ते रुग्णाचं स्वतःचं. त्यात जिवंत पेशी असतात, वाढीला चालना देणारी प्रथिनंही असतात. न्यूयॉर्कच्या आल्बी यांनी 1911 मध्ये क्षयानं पोखरलेले मणके जोडायला नडगीच्या हाडाची पट्टी वापरली. मणक्यांचा क्षय आपल्याकडे आजही आहे. छातीतून मणक्यापर्यंत जाताना बरगडी काढावी लागली, तर तीच ग्राफ्ट म्हणून बसवता येते. एरवी कमरेच्या हाडाच्या कडेवरून तुकडा घेतात. हाड उत्तम मिळतं, पण जखमा दोन होतात, आणि काहींची ती दुसरी जखमच महिनोन्‌महिने ठणकते.

शिवाय नस मोकळी करताना मणक्याचा मागचा जो भाग काढतो, तोही आम्ही टाकत नाही. सिस्टर तो स्टीलच्या वाटीत ओल्या गॉजखाली ठेवतात. त्यावरचं मांस खरवडायचं, बारीक तुकडे करायचे, आणि जिथे ते पसरायचे तिथलं हाड रक्त पाझरेपर्यंत घासायचं. दोनच मणके जोडायचे असतील, तर पुष्कळदा एवढं पुरतं.

पुरलं नाही, तर दात्याचं हाड. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 पासून टिश्यू बँक आहे. तिथे हाड गोठवून सुकवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. त्यात जिवंत पेशी नसल्यानं ते सावकाश धरतं. सिरॅमिकचे दाणेही नव्या हाडाला नुसता आधार देतात, म्हणून ते बहुधा स्वतःच्या हाडात मिसळून वापरतात. हाड वाढवणाऱ्या बीएमपी प्रथिनाला अमेरिकेत 2002 मध्ये कमरेच्या मणक्यांसाठी मान्यता मिळाली. पण मानेत वापरल्यावर घशाला धोकादायक सूज आल्याच्या तक्रारी झाल्या, आणि 2008 मध्ये तिथल्याच औषध प्रशासनानं इशारा दिला. महाग म्हणजे सरस, असं इथे नाही.

यातलं काहीही निवडा, सिगारेट चालू असेल तर हाड जुळण्याची शक्यता घटते. मधुमेहही आटोक्यात हवा.

आणि घरात कोणाचा खुब्याचा सांधा बदलायचा असेल, तर काढलेला हाडाचा गोळा टिश्यू बँकेला देता येईल का, हे ऑपरेशनच्या आधीच विचारा. संमती आणि रक्ततपासण्या आयत्या वेळी उरकता येत नाहीत.