फिरत्या तबकडीचे वजन

आकाशस्थ वस्तूचे वजन करण्यास तराजू चालत नाही. तिच्याभोवती काय फिरते आणि किती वेगाने, हे पाहावे लागते. सूर्याजवळचा बुध सेकंदाला सुमारे ४८ किलोमीटर धावतो, तर दूरचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. अंतर वाढले की ओढ घटते, चाल मंदावते. सूर्यमालेचे जवळजवळ सारे वजन मध्यभागी एकवटले आहे, याचीच ही खूण.

दीर्घिकांतही असेच असावे, अशी ज्योतिर्विदांची समजूत होती आणि तीत वावगे काहीच नव्हते. तबकडीसारख्या दीर्घिकेचा उजेड मध्यापासून कडेकडे झपाट्याने ओसरतो. उजेड तेथे तारे, आणि तारे तेथे वजन! परंतु १९३९ साली होरेस बॅबकॉक यांना देवयानी दीर्घिकेचा बाहेरचा भाग अपेक्षेहून वेगाने फिरताना आढळला. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी तिच्यातील ६७ तेजोमेघांच्या वर्णरेषा किती सरकल्या ते मोजून वेग काढले. उजेड ओसरतो तसे वेग काही ओसरले नव्हते. पुढे हायड्रोजन वायूच्या २१ सेंटिमीटरच्या रेडिओलहरींनी, तारे विरळ होतात त्याही पलीकडचे वेग हाती आले. (पुणे जिल्ह्यातील खोडदच्या दुर्बिणीही हाच वायू टिपतात.) १९७८ साली आल्बर्ट बॉस्मा यांनी अनेक दीर्घिकांचे आलेख मांडले, बहुतेकांत वेगाची रेषा कडेपर्यंत सपाट!

वेग तोच राहून अंतर दुप्पट झाले, तर आतले वस्तुमानही दुप्पट मानावे लागते. मग जमाखर्च मांडावयाचा : तारे, वायू आणि उरलेल्यासाठी एक अदृश्य वेष्टन. येथे प्रत्येकाच्या वेगाचा वर्ग बेरजेत धरतात, नुसता वेग नव्हे. खरी अडचण ताऱ्यांच्या खात्यात आहे. उजेड मोजता येतो. पण एवढ्या उजेडामागे वजन किती, हे ठामपणे सांगता येत नाही. १९८५ साली व्हान आल्बाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनजीसी ३१९८ या दीर्घिकेत ताऱ्यांना देता येईल तितके वजन देऊन पाहिले. तरीही सुमारे एक लक्ष प्रकाशवर्षांच्या आत, दृश्य द्रव्याच्या निदान चौपट अदृश्य द्रव्य शिल्लक राहिले. ताऱ्यांचे वजन कमी धरले तरी तीच सपाट रेषा जुळते, मात्र अदृश्याचा वाटा आणखी वाढतो. मोर्देहाई मिलग्रोम यांनी तर १९८३ सालीच निराळी वाट सुचविली होती : द्रव्य न वाढविता, अतिमंद त्वरणापुरता न्यूटनचा नियमच बदलावा. ती वाट थोड्यांनीच धरली. पण एकेकट्या दीर्घिकेच्या आलेखापुरती ती चांगली जुळते, हे तिच्या विरोधकांनाही नाकारता आलेले नाही.