सुईकामाची उलटी बाजू

(रौप्यमहोत्सवानिमित्त पंढरपूर येथें भरलेल्या स्त्रियांच्या सभेंत केलेलें भाषण)



हातानें करावयाचें आधुनिक भरतकाम, त्यांतील टाके, नक्षी आणि करावयाच्या वस्तू यांविषयीं आम्हीं दोन शब्द बोलावे, अशी महोत्सवमंडळाची आज्ञा झाली. आम्ही कांहीं या शास्त्रांतील पंडित नव्हे. मुलींच्या हातीं सुई देणें आणि ती त्यांच्या बोटांत शिरणार नाहीं एवढी काळजी घेणें, हाच आमचा रोजचा उद्योग. तेव्हां ग्रंथांतलें थोडें आणि हाताखालून गेलेलें अधिक, असें सांगण्याचा आमचा विचार आहे. आणि आरंभ आम्ही आमच्या फजितीपासूनच करितों.

कांहीं वर्षांपूर्वीं एका सणासाठीं वेदीवर अंथरावयाचें वस्त्र भरण्याचें काम आमच्या शिवणवर्गानें अंगावर घेतलें. कापड पांढरें शुभ्र. त्यावर तांबडीं द्राक्षें आणि पिवळीं गव्हाचीं कणसें. नक्षी आम्हीं एका छापील कागदावरून निळ्या कार्बननें उतरून घेतली होती. ज्यानें पाहिलें त्यानें वाहवा केली. सणास दोन दिवस उरले असतां कार्बनचे डाग काढावे म्हणून वस्त्र पाण्यांत घातलें, आणि द्राक्षांचा रंग फुटला! स्वस्त पडतो म्हणून आम्हीं सुटा दोरा आणला होता आणि तो आधीं भिजवून पाहण्याचीहि तसदी घेतली नव्हती. चार बायांचें दीड महिन्याचें काम गुलाबी डागांनीं भरून गेलें.

वस्त्र दोरीवर वाळत होतें आणि आम्ही खालीं मान घालून बसलों होतों. तेवढ्यांत इंडीकडून लेकीच्या घरीं आलेल्या एक आजीबाई तेथें आल्या. डागांकडे त्यांनीं पाहिलेंहि नाहीं. वस्त्राचा कोपरा उलटा केला आणि म्हणाल्या, "काय गं पोरींनो, पुढनं वाडा आन् मागनं उकिरडा व्हय?" पाठीमागें खरोखरच गांठींचा आणि लोंबत्या दोऱ्यांचा उकिरडा होता. मग त्यांनीं आपल्या इरकली लुगड्याचा पदर आमच्या हातीं दिला. त्यावर बारीक गोपुरें आणि हत्ती भरलेले होते. आम्हीं पदर उलटून पाहिला, पुन्हां सुलटून पाहिला. उलटी बाजू कोणती हें आम्हांस ओळखतां येईना.

तें काम म्हणजे कसूती. धारवाड व विजापूर या बाजूचें हें जुनें भरतकाम. कानडींत कै म्हणजे हात आणि सूती म्हणजे सूत, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. त्याचे टाके चार. गवंती हा दुहेरी धावदोरा. मुर्गी हा पायऱ्यापायऱ्यांनीं जाणारा. नेगी हा विणल्यासारखा दिसणारा, कारण नेय म्हणजे विणणें. आणि मेंथी म्हणजे आपला फुलीचा टाका, मेथीच्या दाण्यावरून ज्याचें नांव. कागदावर काढून घेतलेली नक्षी येथें नाहीं. कापडाचे उभे-आडवे धागे मोजावे आणि सुई चालवावी. गांठ कोठेंहि मारावयाची नाहीं. गवंती आणि मुर्गी हे टाके दोन्ही बाजूंस सारखेच दिसतात.

युरोपांतहि हा गवंतीचा टाका जुना आहे. हान्स होल्बाइन नांवाचा चित्रकार १५४३ सालीं वारला. त्यानें काढलेल्या मोठमोठ्या लोकांच्या चित्रांत गळपट्ट्यांवर आणि मनगटपट्ट्यांवर हेंच काम दिसतें. म्हणून तिकडे त्यास होल्बाइन टाका असें म्हणतात. मनगटपट्टीची आंतली बाजूहि लोकांस दिसते, तेव्हां ती बाजूहि नीटनेटकी असावी लागे. इंडीच्या आजीबाई आणि राजवाड्यांतले दरबारी यांचें मत याबाबतींत एकच पडलें, हें पाहून आम्हांस मोठी मौज वाटली.

मग प्रश्न असा कीं, इतकी वर्षें हें काम आम्हांस दिसलें कसें नाहीं? आपण पंढरपुरांत राहतों. आषाढी-कार्तिकीस विजापूर, बागलकोट, धारवाड या बाजूंनीं यात्रेकरूंचे लोंढे चंद्रभागेच्या वाळवंटांत उतरतात. कसूतीच्या नक्षींत गोपूर आहे, रथ आहे, पालखी आहे, मोर आहे आणि तुळशीवृंदावनहि आहे. तीं लुगडीं आमच्या दारावरून गेलीं आणि आम्ही मात्र छापील कागद धुंडाळीत बसलों. तीच गोष्ट गोधडीची. जुनीं लुगडीं एकावर एक घालून केवळ धावदोऱ्यानें आपल्या आज्यांनीं ज्या गोधड्या शिवल्या, त्यांतील ओळींचा सरळपणा आमच्या वर्गांतल्या किती मुलींस साधेल? आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या तांड्यांमधील बंजारा बायांच्या फेटिया-कांचळीवर आरसा कसा बसवितात तें पाहावें: आधीं त्यास दोऱ्यांच्या चौकटींत बांधावयाचें, मग भोंवतीं काज टाक्यासारखा टाका घालून जखडावयाचें. डिंकाचा थेंब नाहीं, तरी आरसा पडत नाहीं.

छापील नक्षीचा आम्ही तिरस्कार करितों असें मात्र कोणी समजूं नये. फ्रान्समधील म्युल्हूझ गांवीं १७४६ सालीं निघालेल्या डी. एम्. सी. या कारखान्याचा दोरा जगभर गेला. तेरेझ द दिलमों या बाईनें १८८६ सालीं सुईकामाचा जो मोठा कोश प्रसिद्ध केला, त्यानें पुष्कळ देशांतल्या स्त्रियांस टाके शिकविले. आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें. तेथेंहि शिवण व भरतकाम शिकवून अनेक निराधार स्त्रियांस आपल्या पायांवर उभें केलें. पुस्तकावरून शिकणें वाईट नाहीं. पुस्तकाशिवाय दुसरें कांहीं न पाहणें वाईट. आणि गंमत अशी कीं, त्याच म्युल्हूझ गांवच्या जोस्युए हाइलमान यानें १८२८ सालीं एकाच वेळीं अनेक सुया चालविणारें भरतकामाचें यंत्र तयार केलें. आज संगणकावर चालणारें यंत्र गुलाबाचें फूल पाहतां पाहतां भरून देतें. जें यंत्र आपणांहून सफाईनें करितें, तेंच हातानें करून त्याच्याशीं शर्यत लावण्यांत अर्थ नाहीं.

मग आधुनिक भरतकाम म्हणजे काय? आमच्या समजुतीप्रमाणें टाके नवे नसतात. निवड नवी असते. धावदोरा, साखळी, देठाचा टाका, काज, फुली, गांठीचा टाका हे सारे जुनेच. नवेपणा तीन गोष्टींत आहे: रंग थोडे घ्यावे, बरीचशी जागा मोकळी सोडावी, आणि पेटींत ठेवावयाच्या वस्तूंऐवजीं रोज वापरावयाच्या वस्तू भराव्या.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. उभे-आडवे धागे डोळ्यांनीं मोजतां येतील असें कापड घ्यावें. बाजारांत त्यास मॅटी म्हणतात. भरण्याआधीं तें धुऊन घ्यावें, म्हणजे मागाहून आटून नक्षी सुरकुतणार नाहीं. दोऱ्याचा तुकडा गरम पाण्यांत भिजवून पांढऱ्या फडक्यांत दाबून पाहावा. फडक्यास रंग लागला तर तो दोरा कितीहि स्वस्त असो, घेऊं नये. लडीच्या दोऱ्यास सहा पदर असतात. त्यांपैकीं दोन पुरेत. दोरा हातभरापेक्षां लांब घेऊं नये. फार वेळां ओढला गेला म्हणजे तो पिंजतो.

गवंतीची रीत अशी. जातांना चार धागे वर, चार धागे खालीं, असा धावदोरा घालावा. परत येतांना जेथें दोरा खालीं गेला होता तेथें तो वर आणावा, म्हणजे रिकाम्या जागा भरून रेघ अखंड होते. मध्यें फांदी असेल तर जातांनाच तिच्या टोकापर्यंत जावें, तिच्या रिकाम्या जागा भरीत मुळाशीं यावें आणि मग पुढें निघावें. म्हणून सुई टोंचण्यापूर्वींच सारी वाट मनांत ठरवावी लागते. आरंभीं दोन बोटें शेपूट सोडावें आणि काम संपल्यावर तें टाक्यांखालून ओवून कापावें.

पहिली वस्तु रुमालाची करावी: कांठापासून दोन बोटें आंत एकाच रंगाच्या पायऱ्यांची एक ओळ. दुसरी कापडी पिशवी, तिच्या एकाच कोपऱ्यांत कणीस. तिसरा मेजपोस, त्यास दोन कडांवर पट्टी आणि मध्य कोरा. हें साधल्यावर वेदीवस्त्राकडे वळावें. तेथेंहि नक्षी समोर लोंबणाऱ्या कडेवरच असावी. ज्या लहान वस्त्रावर चषक ठेवितात त्याचा मध्य तर अगदीं सपाट हवा. तेथें भरीव टाका घालणें म्हणजे चषक डळमळण्यास निमंत्रण.

येथें एक शंका आम्हांस विचारण्यांत येते: कसूतीची नक्षी आपण वेदीवस्त्रावर घ्यावी काय? तुळशीवृंदावनाची नक्षी आम्हीं घेतली नाहीं. ज्या मायबाया तें डोक्यावर घेऊन कोसचे कोस चालत येथें येतात, त्यांच्या भक्तीचें तें चिन्ह आहे. केवळ शोभेसाठीं तें उचलणें आम्हांस बरें वाटलें नाहीं. पण धागा मोजण्याची विद्या कोणा एकाची नाहीं. त्याच गवंतीनें आम्हीं कणसें आणि द्राक्षें भरलीं. आजीबाईंनींच पहिलें कणीस चौकटीच्या वहींत बसवून दिलें.

आतां उलट्या बाजूचा दुसरा अर्थ सांगून भाषण संपवितों. वस्त्रास उलटी बाजू असते तशी किंमतीसहि असते. समजा, एका मेजपोसास तीस तास लागले, कापड-दोऱ्यास शंभर रुपये गेले, आणि तो चारशें रुपयांस विकला. म्हणजे तासास दहा रुपये पडले. गिऱ्हाईक त्यांतूनहि पन्नास कमी करावयास सांगतें, आणि आपण ते करितों. आमच्या वर्गांत ज्यांचा हात सर्वांत चांगला होता, त्या बाईंनीं वर्ग सोडला आणि त्या खुरपणीस जाऊं लागल्या. आम्हीं कारण विचारलें तेव्हां म्हणाल्या, "बाई, तिथं सांजच्याला हिशेब तरी व्हतो." या उत्तरावर बोलण्यासारखें आमच्याजवळ कांहीं नव्हतें.

तेव्हांपासून आम्हीं एक नियम केला आहे. प्रत्येक वस्तूच्या मागें एक चिठ्ठी लावावयाची आणि तींत साहित्याचा खर्च व लागलेले तास लिहावयाचे. चिठ्ठी वाचून कांहीं गिऱ्हाइकें निघून जातात. जीं थांबतात तीं घासाघीस करीत नाहींत. आणि येथें घरचीच मंडळी आहेत म्हणून स्पष्ट बोलतों. वेदीवस्त्राचें काम आलें म्हणजे, ही तर सेवा आहे, असें म्हणून गरीब बाईच्या तासांचा हिशेब कोणी विचारीत नाहीं. ज्या भगिनीस दान द्यावयाचें असेल तिनें तें आनंदानें द्यावें; पण तिच्या वतीनें तें दुसऱ्यांनीं देऊं नये. दान दान म्हणून आणि मजुरी मजुरी म्हणून मांडली, तर दोहोंचीहि शोभा राहील.

तें डागाळलेलें वस्त्र आम्हीं टाकून दिलें नाहीं. सारे टाके उसवले, डाग नसलेले तुकडे कापून त्यांचे रुमाल केले, आणि गवंतीचे पहिले धडे मुलींनीं त्यांवरच गिरविले. ते रुमाल बाहेरच्या मेजावर मांडले आहेत. पाहावयास अवश्य यावें. आणि हातीं घ्याल तेव्हां ते आधीं उलटे करून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.