थांबू शकणारा पैसा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘नवउद्योग आणि पर्यायी अर्थपुरवठा’ असे छापले आहे. ते वाचूनच मागच्या रांगेतले दोघे तर्री-पोह्यांच्या दिशेने सटकले, मी पाहिले आहे. जन्मभर बँकेच्या कर्ज विभागात बसलेल्या माणसाकडून दुसरे काय ऐकायला मिळणार! पण हा विषय मी मागून घेतला आहे आणि त्यात माझा स्वार्थ आहे. आपल्या तुकडीने शाळेसाठी जमवलेल्या ११ लाखांचे काय करायचे, हे आज दुपारच्या बैठकीत ठरायचे आहे. पुष्कळांच्या मनात ग्रॅनाइटचे प्रवेशद्वार आहे, त्यावर आपल्या सर्वांची नावे. माझ्या मनात वेगळे आहे. तिथे पोचायला थोडा वळसा घ्यावा लागेल, तेवढी सवलत द्या.

सुरुवात घराजवळूनच करतो. एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर आपल्यापैकी किती घरांत घड्याळे लावली जात! तिची कंपनी जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये काढली, भांडवल १५ लाख रुपये. त्या काळी कापडगिरणी काढायची ती मुंबईत, असा शिरस्ता होता. जमशेटजी नागपुरात आले, कारण कापूस इथे पिकत होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि रेल्वे आलेली होती. जागा मिळाली ती जुम्मा तलावाकाठची, म्हणजे आपल्या गांधीसागरजवळची, दलदलीची. ती भरून काढायलाच पैसा लागू लागला. तेव्हा इथल्या एका सावकाराने मदत नाकारली आणि हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे, असे म्हटले, अशी गोष्ट सांगतात. पुढे त्याच सावकाराने कबूल केले म्हणे, की यांनी माती टाकली आणि सोने काढले. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. व्यवस्थापक नेमले ते बेझनजी मेहता, रेल्वेतून आलेले, सूतगिरणीचा अनुभव शून्य. लँकेशायर जुन्या चात्यांना चिकटून असताना रिंग स्पिंडलचा प्रयोग याच गिरणीत झाला. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंडही निघाला. आता तिथे मॉल आहे, आणि तिथल्या पार्किंगमध्ये गाडी लावताना मला अजून उगीच भोंगा ऐकू येतो. असो.

ही गोष्ट सांगताना लोक त्या सावकाराला हसतात. मी हसत नाही. तो माझ्याच जातकुळीतला. जे दिसते त्यावर पैसा द्यायचा, हा त्याचा धंदा होता, आणि दलदल सोडून दिसण्यासारखे तिथे काही नव्हते.

बाई, तुम्ही आम्हाला व्याजाची गणिते घातलीत, त्यातलेच एक आज उलटे मांडतो. बँकेने दहा जणांना एकेक लाख रुपये दिले, व्याज १० टक्के. एक बुडाला. उरलेल्या नऊ जणांचे वर्षाचे व्याज ९० हजार, बुडाले १ लाख. म्हणजे दहातले नऊ प्रामाणिक आणि यशस्वी निघूनही बँक तोट्यात. आणि ते लाख रुपये बँकेचे तरी कुठे असतात? कोणाच्या पोरीच्या लग्नाचे, कोणाच्या ग्रॅच्युइटीचे. अशा पैशाला ‘जरा थांब, हा माणूस काहीतरी नवीन करतो आहे’ असे सांगता येत नाही.

१९९०च्या दशकात मी काटोलला होतो. एक तरुण आला. संत्र्यांची आकारानुसार प्रतवारी करणारे यंत्र त्याने भंगारातल्या पट्ट्या आणि सायकलच्या चेनी वापरून बनवले होते. संत्री घरंगळत जायची आणि आपापल्या खणात पडायची. मी त्याच्या अंगणात अर्धा तास उभा राहून नुसता बघत होतो. तारण नव्हते, मागील तीन वर्षांचे ताळेबंद नव्हते, विक्री नव्हती. प्रस्ताव नामंजूर झाला, आणि नियमाप्रमाणे तसाच व्हायला हवा होता. पुढे कळमन्याच्या एका अडत्याने त्याला पैसे दिले. व्याज नाही, हप्ता नाही. हंगामात यंत्रातून जितकी संत्री जातील तितके पेटीमागे काही पैसे. ज्या वर्षी बहार गळाला, त्या वर्षी अडत्याने काही मागितलेच नाही. आज हाच प्रकार ‘उत्पन्नाधारित अर्थपुरवठा’ या भारदस्त नावाने परिसंवादांत शिकवला जातो. अडत्याला ते नाव ठाऊक नव्हते. त्याला संत्री ठाऊक होती आणि पोरगा ठाऊक होता.

आपल्याकडे नवे काही उभे राहिले ते बऱ्याचदा असेच उभे राहिले. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठले, परत आल्यावर वाटाण्याचे रोप उगवतानाचे छोटे चित्रण करून ते पैसेवाल्यांना दाखवले, आणि सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेले. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून भाग गोळा करून १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याचे अध्यक्ष झाले ते धनंजयराव गाडगीळ, ज्यांचे बालपण आपल्या नागपुरात गेले.

पण मला सर्वांत जास्त ओढ आहे ती पैसा फंडाची. अंताजी दामोदर काळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही कल्पना काढली: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग काढायचे. तेव्हा रुपयाचे पैसे ६४. म्हणजे एक लाख रुपये उभे करायचे तर ६४ लाख माणसे हवीत! कोणताही शहाणा माणूस इथेच वही मिटेल. टिळकांनी मिटली नाही, पाठिंबा दिला. १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काचकारखाना निघाला. जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काम पाहू लागले. त्या कारखान्यात काच जशी घडत होती, तशी माणसेही घडत होती. तिथे शिकलेले कारागीर पुढे देशभरातल्या काचकारखान्यांत गेले. आता सांगा, एक पैसा देणाऱ्याला परतावा काय मिळाला? ताळेबंदात शोधाल तर काहीच नाही.

हा जो ताळेबंदात न दिसणारा परतावा, तो मोजायचा आणि त्याच्यासाठी पैसा घालायचा, याला ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’ हे नाव मिळाले २००७ मध्ये, इटलीत बेलाजिओला झालेल्या रॉकफेलर फाउंडेशनच्या बैठकीत. मुंबईत विनीत राय यांनी ‘आविष्कार’ हा फंड त्याच्या आधीच, २००१ मध्ये, सुरू केला होता. अशा फंडाचे गणित बँकेच्या उलटे असते. दहा जणांत एकेक लाख घातले. पाच बुडाले, तिघांनी मुद्दल परत केले, दोघांचे चौपट झाले. तीन आणि आठ, ११ लाख. निम्मे बुडूनही फंड जिवंत. कारण तो व्याज घेत नाही, वाटा घेतो.

गरिबांना मात्र अनेकदा वाटेकरीही नको असतो, नुसता दरवाजा उघडा हवा असतो. सातारा जिल्ह्यात म्हसवडला रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसापासून आडोसा म्हणून प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी रोज थोडे थोडे साठवायचे होते. बँकांनी एवढ्याशा रकमेचे खाते उघडायला नकार दिला. त्यातून चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी केली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते. बायका साक्षरतेचे वर्ग करून पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या साहेबांनी आमच्याआधी काढून दाखवावे. परवाना मिळाला.

आता तुमच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मी ओळखतो. ‘काहून बे, नागपुरात राहून पैसे दुप्पट करणाऱ्यांच्या गोष्टी विसरला का?’ नाही विसरलो. आपल्यातल्याच काहींची निवृत्तीची रक्कम त्यात गेली आहे. मायक्रोफायनान्सचेही तसेच: नोटबंदीनंतर विदर्भात बायकांनी हप्त्यांविरुद्ध मोर्चे काढले, ते उगीच नव्हते. कल्याणाच्या नावाने निघालेला पैसा दर आठवड्याला दारात उभा राहू लागला, की तो आणि सावकार यांत फरक उरत नाही. म्हणून मी आधीच सांगतो, आपल्यापैकी कोणालाही या ११ लाखांतून एक रुपया परत मिळणार नाही. परतावा कबूल करून लोकांकडून पैसे घेतले, की सेबी आहे आणि १९९९चा ठेवीदार संरक्षणाचा कायदा आहे, आणि ते योग्यच आहे. आपण द्यायचे ते दान म्हणून.

मग वेगळे काय? शाळेत आता अटल टिंकरिंग लॅब आहे. काल तुम्ही सर्वांनी मुलांची मांडलेली उपकरणे पाहिली. नववीतल्या त्या मुलीचे कुलरमधल्या पाण्याची पातळी सांगणारे यंत्र पाहून आपल्यातले दोघे इंजिनिअर गप्प झाले होते. सरांना विचारले, पुढे याचे काय होते? सर म्हणाले, दहावी झाली की कपाटात. वीस-पंचवीस हजार रुपये आणि एक वर्ष, एवढ्यासाठी कपाटात.

माझा प्रस्ताव असा. शाळेच्या ट्रस्टमध्ये या रकमेचा फिरता निधी करायचा. शाळेतून बाहेर पडलेल्या, पाच वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना त्यातून ‘परतीचे अनुदान’ द्यायचे. हा शब्द माझा नाही. करोनाच्या काळात लहान व्यावसायिकांना पुन्हा उभे करण्यासाठी आपल्या देशात हा प्रकार वापरला गेला. व्याज नाही, तारण नाही, कायद्याचे बंधन नाही. जमले की परत करायचे, म्हणजे पुढच्याला मिळते. आपल्या आयांची वाटीभर साखरेची उसनवारी याच तत्त्वावर चालायची. एकाला जास्तीत जास्त ५० हजार. निवड करताना एक शिक्षक, आपल्यापैकी दोघे आणि एक बाजारात प्रत्यक्ष धंदा करणारा माणूस. आपल्या नातवंडांना यातून काही नाही, हे लिहूनच ठेवू.

आणि एक वही बुडालेल्या पैशांची. ती दरवर्षी स्नेहमेळाव्यात मोठ्याने वाचायची, नावे न घेता. पहिल्या तीन वर्षांत त्या वहीत काहीच आले नाही, तर मी समजेन की आपण भित्रेपणाने निवड करतो आहोत आणि आपल्या निधीची पुन्हा बँक झाली आहे.

शाळेच्या ट्रस्टच्या सचिवांशी मी बोललो आहे. घटनेत बदल लागणार नाही, स्वतंत्र हिशेब ठेवावा लागेल, तो ठेवण्याचे काम मी पत्करतो. अर्ज चहाच्या टेबलावर ठेवले आहेत. त्यात तीन रकाने आहेत: निधी, प्रवेशद्वार, आणि अर्धे-अर्धे. दुपारी दोनपर्यंत खूण करून द्या. पोह्यांकडे गेलेल्या त्या दोघांनाही कोणीतरी सांगा.