जमीन कोणाच्या नावावर?



 

वकिलांच्या या अधिवेशनात मालमत्ता कायद्यातील घडामोडींचा आढावा अध्यक्षाने घ्यावा, अशी प्रथा आहे. तो थोडक्यात घेतो. 2016 चा रेरा कायदा 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यायची नाही आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवायचे, ही शिस्त त्याने आणली. सातबारा आणि इंडेक्स टू आता घरबसल्या पाहता येतात. सोसायटीतला नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे आपण अशिलांना सांगून दमलो, तरी सांगत राहिले पाहिजे. आढावा इथे संपवतो, कारण मला ज्या विषयावर बोलायचे आहे तो याहून जुना आहे आणि त्याची लाज आपल्या सगळ्यांना वाटायला हवी.

तो विषय कन्व्हेयन्सचा, म्हणजे जमीन व इमारत सोसायटीच्या नावे करून देण्याचा. महाराष्ट्रात असंख्य कुटुंबांनी आयुष्याची पुंजी घालून फ्लॅट घेतले. करारनामा नोंदवला, मुद्रांक शुल्क भरले, कर्ज फेडले, शेअर सर्टिफिकेट कपाटात ठेवले. पण इमारतीखालची जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे. आपण घराचे पूर्ण मालक आहोत अशा समजुतीत माणसे म्हातारी होतात.

कायदा याबाबतीत मुका नाही. 1963 चा मोफा कायदा सांगतो, की बिल्डरने सोसायटी स्थापन करायची आणि जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यायची. करारात मुदत ठरली नसेल, तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत. न केल्यास तो गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘करारात मुदत ठरली नसेल’ या फटीतून बिल्डर निसटतो. ‘संपूर्ण प्रकल्पातील शेवटची इमारत पूर्ण झाल्यानंतर’ हे कलम आपण सर्वांनी वाचलेले आहे. ते करारनाम्यात येते कुठून? तुमच्या-आमच्यासारख्या वकिलाच्या टेबलावरून. शेवटची इमारत कधीच उभी राहत नाही. वाढीव एफएसआय मिळतो, टीडीआर येतो, आणि वर आणखी एक मजला किंवा मोकळ्या कोपऱ्यात आणखी एक विंग उभी करायची मुभा बिल्डरला राहते.

डोंबिवलीतले एक प्रकरण सांगतो. ऐंशीच्या दशकातली चार मजली इमारत. सेक्रेटरी रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, सगळी कागदपत्रे रेक्झिनच्या पिशवीत तारखेनुसार लावलेली. महापालिकेने इमारत सी-1, म्हणजे अतिधोकादायक, ठरवली होती. तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या स्लॅबची सळई उघडी पडली होती, म्हणून रहिवाशांनी तिथे लाकडी टेकू लावला होता. पुनर्विकासाला विकासक तयार होता. त्याने पहिला प्रश्न विचारला: जमीन कोणाच्या नावावर? सातबारा काढला, तर त्यावर मूळ शेतकऱ्याच्या वारसांची नावे पानभर, आणि इतर हक्कात बिल्डरच्या विकास कराराचा उल्लेख. सोसायटीचे नाव कुठेच नाही. बिल्डर वारलेला. मुलगा म्हणाला, सही करतो, प्रत्येक फ्लॅटमागे इतके द्या. जे काम त्याच्या वडिलांनी फुकट करून द्यायला हवे होते, त्याची किंमत तो त्या म्हाताऱ्या माणसांकडे मागत होता. सेक्रेटरींनी पिशवीतून सगळे करारनामे काढून टेबलावर मांडले आणि मला विचारले, ‘वकीलसाहेब, आम्ही पैसे कसले दिले होते मग?’

त्यांना मी डीम्ड कन्व्हेयन्सचा मार्ग दाखवला. मोफात 2008 साली झालेल्या दुरुस्तीने तो खुला झाला. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, त्यांनी सहा महिन्यांत निर्णय द्यायचा, आणि मग बिल्डरच्या सहीवाचून दस्त नोंदता येतो. सोसायटीला तसा आदेश मिळाला. पण दस्त नोंदवून गप्प बसायचे नसते. तलाठ्याकडे फेरफार करून सातबाऱ्यावर, किंवा शहरात प्रॉपर्टी कार्डावर, सोसायटीचे नाव लागल्याखेरीज काम पुरे होत नाही. अनेक सोसायट्या याच शेवटच्या पायरीवर थांबलेल्या मी पाहिल्या आहेत.

आपल्यातले काही विद्वान मित्र दरवर्षी वाद घालतात, की डीम्ड कन्व्हेयन्सने मालकी हक्काचा अंतिम निकाल लागत नाही, दिवाणी दाव्याचा रस्ता खुलाच राहतो, मग एवढी धडपड कशाला? डोंबिवलीच्या त्या बिल्डरपुत्राने काय केले, ते ऐका. आदेश निघाला त्या दिवसापर्यंत तो सोसायटीला पायऱ्या चढायला लावत होता. आदेशानंतर दावा करायची पाळी त्याच्यावर आली, आणि त्याने दावा केला नाही. तो तडजोडीच्या बोलीवर आला. माझ्यापुरता हा वाद तिथेच मिटला.

दुसरे म्हणणे असे, की रेरा आल्यावर हा प्रश्न उरला नाही. नव्या प्रकल्पांसाठी रेराने मुदती बांधल्या, हे मान्य. पण मोफा अजून जिवंत आहे, आणि रेराच्या आधी उभ्या राहिलेल्या इमारती काही हवेत विरल्या नाहीत. पुनर्विकासाची खरी गरज त्यांनाच आहे.

आणि खर्चाची भीती! कन्व्हेयन्सला सगळे मुद्रांक शुल्क पुन्हा भरावे लागते, असे सभासदांना कोणी तरी सांगून ठेवलेले असते. फ्लॅटच्या करारनाम्यांवर शुल्क भरलेले असेल, तर ते कन्व्हेयन्समध्ये वजा होते. ज्या फ्लॅटचे भरलेले नाही, त्याचाच प्रश्न उरतो. हे चार ओळींत सांगता येते. सोसायटीच्या वार्षिक सभेत जाऊन ते सांगायला आपल्यापैकी किती जण जातात?

फ्लॅट खरेदीला येणारा माणूस आपल्याला काय विचारतो? कर्ज किती मिळेल, रजिस्ट्रेशनचा मुहूर्त कोणता. बँकेच्या वकिलाने तीस वर्षांचा सर्च घेतला म्हणजे सगळे ठीक, अशी त्याची समजूत असते. तो सर्च बँकेच्या कर्जाच्या सुरक्षिततेसाठी असतो. भोगवटा प्रमाणपत्र आहे का आणि जुनी इमारत असेल तर कन्व्हेयन्स झाले आहे का, हे प्रश्न त्याच्या वतीने आपण विचारायचे. एकदा एका तरुण जोडप्याच्या करारातले ते ‘शेवटच्या इमारतीचे’ कलम मी लाल शाईने खोडले. बिल्डरच्या कार्यालयाने सांगितले, हा छापील मसुदा आहे, घ्या नाही तर सोडा. जोडपे माझ्याकडे पाहत राहिले. मुलाचा शाळाप्रवेश त्या पत्त्यावर ठरलेला होता. त्यांनी सही केली. एकट्यादुकट्या ग्राहकाने तो मसुदा बदलणार नाही. तो मसुदा लिहिणारे हात आपल्या व्यवसायातले आहेत आणि त्यांनी लिहायचे नाकारले, तरच तो बदलेल.

या अधिवेशनाने काही कामे हाती घ्यावीत. प्रत्येक तालुक्यात तरुण वकिलांचा एक गट असावा, त्याने सोसायट्यांचे अर्ज वाजवी मोबदल्यात करून द्यावेत. सोप्या मराठीत एक पुस्तिका निघावी. उपनिबंधक कार्यालयांत सहा महिन्यांची मुदत पाळली जाते का, याचीही नोंद ठेवावी. तपशील कार्यकारिणी ठरवील, आणि माझ्याकडून लागेल ती मदत मिळेल.

दुपारच्या सत्रात ठराव यायचे आहेत. ‘शेवटची इमारत पूर्ण झाल्यावर कन्व्हेयन्स’ हे कलम असलेला करारनामा आपण लिहिणार नाही, हा ठराव पहिला मांडावा, आणि ज्यांना तो मान्य असेल त्यांनी हात वर न करता कागदावर सही करावी, अशी माझी आपल्याला विनंती आहे.